फ्रेंच, झुलू आणि आबांचं नाव

मराठीत भित्र्या माणसाला भागूबाई म्हणतात. ज्याने कुणी हा शब्द रूढ केला तो शिरूरला कधी आलेला नसणार, आणि आला असला तरी आमच्या गेस्ट हाउसच्या स्वयंपाकघरात शिरलेला नसणार. तिथे जी भागुबाई होती तिला मी, पदवीधर, अ‍ॅडमिन असिस्टंट, वर दौंडचा, चांगलाच टरकून असायचो.

गोष्ट दोन हजार दोन सालची. रांजणगावच्या एमआयडीसीत सॉसच्या बाटल्या भरायचा आमचा कारखाना नवा होता. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी कंपनीने शिरूरमध्ये एक बंगला भाड्याने घेतला होता आणि त्याची देखरेख माझ्या गळ्यात घातली होती. म्हणजे गळती टाकी, जळालेला गिझर आणि पाहुण्यांची इंग्रजी हे सगळं माझ्याकडे. स्वयंपाक भागुबाईकडे. प्रत्यक्षात बाकीचं सगळंही तिच्याकडेच होतं, सही तेवढी मी करायचो.

बाई पन्नाशीची, नऊवारीतली, शिकलेली चौथीपर्यंत. माहेर घोडनदीच्या काठचं इनामगाव. लहानपणी बापाबरोबर औत हाकलेली, त्यामुळे आवाज असा की ती ‘चहा झालाय’ म्हणाली की शेजारच्या बंगल्यातले लोकही उठून बसत. नवरा सात वर्षांपूर्वी गेलेला. मुलगी लग्न होऊन सासरी. मुलगा रोहन चिंचवडला नोकरीला, दर रविवारी येऊन ‘आई, आता काम सोड’ म्हणणारा. घरात ती आणि तिचे पंच्याऐंशी वर्षांचे सासरे. गरज म्हणाल तर अशी काही नव्हतीच.

आणि तरीही तिला ही नोकरी हवी होती. नुसती हवी नव्हती, कायमची हवी होती. ती तोवर टेंपररी होती आणि आमच्या मॅनेजरसाहेबांनी गेस्ट हाउसला एक पक्का इनचार्ज नेमायचं ठरवलं होतं. पुण्याहून हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या एका मुलाचा अर्जही आला होता, टाय लावलेल्या फोटोसकट. साहेब एकदा बंगल्यावर आले, पिठलं-भाकरी मिटक्या मारत खाल्ली आणि हात पुसता पुसता म्हणाले, “बाई, तुम्हाला हे काम कशाला हवंय?”

भागुबाईने तोंड उघडलं. मिटलं. पदर सारखा केला. मग म्हणाली, “गरज हाय, सायब.”

“गरज काय, गेटवर उभ्या असलेल्या प्रत्येकालाच आहे,” साहेब म्हणाले. त्यांनी माझ्याकडच्या फॉर्मवर तिच्या नावापुढे ‘कारण: गरज’ असं लिहिलं. “आता मशीनसाठी दोन पाहुणे येतायत. ते जाईपर्यंत राहा. ते निघायच्या दिवशी इंटरव्ह्यू घेऊ. त्या पुण्याच्या मुलाचाही घेतलाय, चांगला बोलतो.”

साहेबांची गाडी गेटबाहेर पडल्यावर मला राग आवरेना. मी म्हणालो, “अहो, खोटं कशाला बोललात? तुम्हाला काय कमी आहे?”

“मंग काय सांगू? खरं सांगायचं तर आबांचं नाव घ्यावं लागतंय.”

मला काही कळलं नाही. कळायला आठवडा गेला. तिच्या सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, नाव हौसराव. जुन्या वळणाची सून, त्यामुळे सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, आणि त्या नावात जो शब्द आहे तोही नाही. लग्न होऊन आल्यापासून या बाईने ‘हौस’ हा शब्द उच्चारलेला नव्हता. पोरीच्या लग्नाची हकिगत सांगताना ती म्हणायची, “लई आबांच्या नावानं केलं लगीन. मांडव काय, बँड काय!” ऐकणाऱ्याला वाटायचं, लग्न म्हाताऱ्यानेच लावून दिलं. एकदा शेजारीण हळदीकुंकवाला बोलवायला आली तर ही म्हणाली, “मला मेलं आबांचं नावच न्हाई ऱ्हायलं.” ती बिचारी ‘आबा कधी गेले हो?’ म्हणून रडवेली झाली.

मी म्हणालो, “आवड म्हणा की मग.”

“आवड म्हंजी भजी आवडत्यात. ह्ये तसं न्हाई.”

“छंद?”

“त्यो तिकिटं जमवनाऱ्या पोरांना असतोय.”

“नाद?”

“काय हो दौंडकर, मी काय तमाशाला जाती?”

तिला आमच्या बंगल्यावर जे लागलं होतं त्याला खरोखर दुसरा शब्द नव्हता. पाहुणा आला की त्याच्या जेवणाआधी तिला त्याचे शब्द हवे असत. पाण्याला काय म्हणता, मिठाला काय म्हणता, आईला काय म्हणता. फडताळाच्या हिरव्या दारावर ती ते खडूने मराठीत लिहून ठेवायची. आधीच्या वर्षी कोरियाचे लोक येऊन गेले होते, त्यांची अर्धी पुसट यादी अजून तिथे होती. पाहुण्यांशी बोलताना मी मधे इंग्रजीतून दुभाषा, आणि माझं इंग्रजी कमी पडलं की ती मला बाजूला सारून हातवारे करायची. पुण्याच्या मुलाने इंग्रजी झाडलं असतं, पण दारावर एक अक्षर लिहिलं नसतं.

तर ते दोन पाहुणे. आमचं बाटल्या भरायचं मशीन फ्रान्समध्ये बनलेलं, पण आमच्या मालकांनी ते घेतलं दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनहून, दहा वर्षं वापरलेलं. त्यामुळे बनवणाऱ्यांकडून एक इंजिनिअर आला आणि वापरणाऱ्यांकडून एक मेकॅनिक. मशीनच्या पॅनलवर छापील अक्षरं फ्रेंच, आणि त्यांच्या खाली मार्करने लिहिलेल्या सूचना झुलू. फ्रेंच अक्षर सांगायचं बटण कशासाठी आहे, आणि झुलू अक्षर सांगायचं की ते दाबूनही चाललं नाही तर कुठे थापटायचं.

फ्रेंच माणसाला आणायला मी विमानतळावर पाटी घेऊन गेलो आणि “वेलकम, मिस्टर बेनॉइट” म्हणालो. त्याने सभ्यपणे इकडेतिकडे पाहिलं, हा बेनॉइट कोण म्हणून. त्याचं नाव होतं बेन्वा. शेवटचा टी लिहायचा, पण बोलायचा नाही. मी ही फजिती भागुबाईला सांगायला नको होती. ती आठवडाभर मला ‘दौंडक’ म्हणत होती, ‘र’ लिहायचा, बोलायचा न्हाई.

डर्बनहून आलेला सिफो झुलू. उंच, हसरा, हाताला कायम ग्रीस. तो बंगल्यात शिरला, भागुबाईपुढे वाकला आणि अदबीने म्हणाला, “सावुबोना, मामा.”

भागुबाईने माझ्याकडे पाहिलं. “ह्यो मला मामा म्हनतोय? डोळं बघाय लागत्याल याचं. बाईमानूस हाय म्हनावं मी.”

मी विचारून सांगितलं की त्यांच्यात आईच्या वयाच्या बाईला मानाने मामा म्हणतात. आणि सावुबोना म्हणजे नमस्कार, पण अर्थ ‘आम्ही तुला पाहिलं’. एकटा माणूस असला तरी ‘आम्ही’.

“ह्ये बरं हाय,” ती म्हणाली. “आपल्यात बी म्हनत्यात की, दिसला न्हाई लई दिस. मानूस दिसला ह्योच नमस्कार.” दुसऱ्या दिवसापासून वॉचमनसुद्धा तिला भागूमामा म्हणू लागला.

पहिल्याच सकाळी अंड्यांवरून घोळ झाला. तिने एक अंडं उचलून बेन्वाला दाखवलं. तो म्हणाला, “अफ.” मग तिने चार अंडी दाखवली. तो म्हणाला, “अ.” एवढंच. तिला वाटलं, माणसाला उचकी लागली. तिने पुन्हा एक दाखवलं, “अफ.” पुन्हा चार, “अ.” बेन्वाने कागदावर लिहून दाखवलं तर चार अंड्यांत एक अक्षर उलट वाढलेलं, आणि आवाज मात्र कमी झालेला. सिफोला विचारलं तर तो म्हणाला, एक अंडं म्हणजे इ-टॉक्-आंदा आणि पुष्कळ अंडी म्हणजे आमा-टॉक्-आंदा. मधला टॉक् म्हणजे जीभ टाळूला लावून खाली आपटली की निघतो तो, बाटलीचं बूच काढल्यासारखा.

भागुबाईने कमरेवर हात ठेवून अंड्यांकडे पाहिलं आणि निकाल दिला. “आपलं अंडं शेपटीला बदलतं. अंडं, अंडी. सिफोचं तोंडाकडं बदलतं. आन् ह्या बेनवाचं अंडं वाढलं की आवाजच बसतो. लई पाव्हनं आल्यावर घरधन्याचा बसतोय तसा.”

त्या दिवसापासून फडताळाच्या दारावर तीन रकाने पडले. पाणी हा शब्द लिहिताना ती हसून खालीच बसली. झुलूत अमान्झी, ठीक. पण फ्रेंचमध्ये पाणी म्हणजे नुसतं ‘ओ’. बेन्वाने लिहिलं तेव्हा अक्षरं तीन, बोलायला एक.

“हाक मारल्यावर देत्यात त्यो ओ? तेवढ्यानं तहान भागती व्हय?”

फ्रेंच भाषा अक्षरं खाते, हे तिचं पहिलं मत. “म्हनून तर ह्यो जेवत न्हाई धड. अक्षरांनीच प्वाट भरतंय.” पण त्या भाषेत धाकट्याला ‘त्यू’ आणि मोठ्याला ‘वू’ असं वेगवेगळं बोलतात म्हटल्यावर तिचं मत एकदम सुधारलं. इंग्रजीवर तिचा जुना राग होता. साहेब असो की कुत्रं, सगळ्यांना एकच यू. “ह्यांच्यात मानपान हाय. आन् त्यू तर आपलाच तू हाय, जरा तोंड बारीक केलं की झालं.” झुलूचे ते जिभेचे आवाज मात्र तिला शिकवावेच लागले नाहीत. ते तीन प्रकारचे, आणि मी अन् बेन्वा महिनाभर धडपडून एकही धड काढू शकलो नाही. तिला तिन्ही पहिल्या झटक्यात आले. एक आपण कीव करताना काढतो तो च्च्, एक गालातून बैल हाकायचा, आणि एक हा टॉक्. “ह्यात काय शिकायचंय? ल्हानपनापास्नं बैलांशी ह्येच तर बोलती मी,” ती म्हणाली. सिफो इतका खूश झाला की त्याने डर्बनला फोन लावून तिचा टॉक् आपल्या आईला ऐकवला.

संध्याकाळी आबा तिला न्यायला यायचे. काठी टेकत यायचे, कंपाउंडमधल्या कडुलिंबाखाली बसायचे, ऐकायला कमी यायचं म्हणून कुणी काही विचारायच्या आत स्वतःच बोलायला लागायचे. सिफो त्यांना बाबा म्हणायचा. झुलूतही वडिलांना बाबाच. एकदा मी सहज म्हटलं, “आबा, नाव झकास आहे तुमचं.”

“नाव हाय,” ते म्हणाले, “पर वापरात न्हाई. आय मारायची हाक, ती गेली. थोरला भाऊ गेला. तालमीतला भैरू व्हता, हौशा म्हनायचा, त्यो परवाच्या साली गेला. घरातल्या बायकांनी तर कवा तोंडाला लावलंच न्हाई. आता समदी आबा म्हनत्यात. आबा काय, ह्या आळीत चाळीस हायती.” आणि मग हसले. मला ते हसू काही आवडलं नाही. मी दौंडच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठलो, पण वाटेतलं न्हावरं गाव येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

पाहुणे जायला आठवडा उरला तशी भागुबाई गप्प होऊ लागली. भाकरी थापता थापता पुटपुटायची, “सायब इचारनार, का पायजे. मंग म्या काय सांगू?” शेवटी सिफोने मला विचारलं, मामाला झालंय काय? मी सांगितलं. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “माझी आई पण असंच करते.”

त्याच्या आजोबांच्या नावात ‘मान्झी’ होतं. म्हणून त्याच्या आईने लग्नानंतर पाण्याला कधी अमान्झी म्हटलं नाही. ती अमान्दाम्बी म्हणते. त्यांच्याकडे सुनांचे असे शेकडो शब्द आहेत, सासऱ्याच्या नावाचं अक्षर चुकवण्यासाठी बनवलेले. मग तो म्हणाला, हे टॉक् आणि च्च् मुळात आमचे नव्हेतच, शेजारच्या लोकांचे. पण जाणती माणसं सांगतात की सुनांनीच ते घरात आणले. जिथे सासऱ्याचं अक्षर यायचं तिथे जीभ आपटायची.

मी हे मराठीत सांगेपर्यंत तव्यावरची भाकरी करपली. भागुबाईला तिचं भानच नव्हतं.

“म्हंजी बायांनी भाषाच बदलली? आन् आमी मेल्या नुसतं आबांचं नाव, आबांचं नाव करीत बसलो.” ती बेन्वाकडे वळली. “इचारा ह्याला, ह्याच्यात सुना काय करत्यात?”

बेन्वाने थोडा विचार केला आणि म्हणाला, फ्रान्समध्ये सुना सासऱ्याला सरळ नावाने हाक मारतात.

“सासऱ्याला?”

“हो.”

“आन् सासरा काय करतो?”

“ओ देतो,” मी माझ्या पदरचं घातलं.

त्यावर तिने करपलेली भाकरी काढली आणि दुसरी तव्यावर टाकली. पण त्या संध्याकाळी निघताना आबांना म्हणाली, “चला आबा, आज बाजारातनं जायाची मला लई... टॉक्... हाय,” आणि स्वतःशीच लहान मुलीसारखी हसली. चार दिवस तेच चाललं. आज मला पुरणाची टॉक् आली. पोरं कशी टॉकंनं नटत्यात बघा. आबांना ऐकू येत नव्हतं म्हणून बरं.

इंटरव्ह्यू बंगल्यावरच होता, शनिवारी सकाळी. साहेब डायनिंग टेबलाशी बसले, समोर तो फॉर्म. शेजारी मी. बेन्वा आणि सिफोच्या बॅगा दारात, आणि ते दोघे बॅगांच्या मागे, जायचं सोडून उभे. आबा त्या दिवशी सकाळीच येऊन कडुलिंबाखाली बसले होते, धुतलेला फेटा बांधून. भागुबाईने नवं लुगडं नेसलं होतं.

साहेबांनी स्टॉकचं विचारलं, गॅसचं विचारलं, पाहुणा आजारी पडला तर काय करता विचारलं. तिने सगळ्याची ठसठशीत उत्तरं दिली. मग ते मागे रेलले. “आता शेवटचं. गरज सोडून काही कारण आहे का? त्या मुलाने मला पाच कारणं सांगितली.”

“मला ह्याची...” भागुबाईने पदर सारखा केला, “टॉक् हाय, सायब.”

“कसली?”

“टॉक्.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “दात दुखतोय का यांचा?”

 तो शब्द माझ्या तोंडाशी आला होता. महिनाभर मी त्या बाईसाठी दुभाषेपणा केला, मराठीतून मराठीत एकदा केला असता तर काय बिघडलं असतं? मी “सर, यांना म्हणायचंय...” एवढं म्हणालो, तोच तिने हात वर केला.

“थांबा, दौंडकर. माझ्या तोंडचं तुमी बोलू नका.”

ती खिडकीशी गेली. डोक्यावरून पदर घेतला. गजांना दोन्ही हातांनी धरलं. “आबा!”

“आँ?”

“एक शब्द बोलायचाय मला! तुमच्या नावातला! बोलू का?”

मला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकूच गेलं नसेल. आबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते तसेच बसून राहिले. सिफो बॅगांवरून पुढे वाकून बघत होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण काय चाललंय ते त्या खोलीत साहेबांपेक्षा त्यालाच जास्त कळत होतं.

“बोल की!” आबा म्हणाले. “जोरात बोल. मला कमी ऐकू येतंय.”

भागुबाईने गज आणखी घट्ट धरले. मी तिला अशी कधी पाहिली नव्हती आणि खरं सांगतो, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मग औत हाकायच्या त्या आवाजात, नगर रोडवरचे ट्रक थांबावेत अशी, ती ओरडली.

“हौस! हौस हाय मला, सायब! हौस!”

आणि कडुलिंबाखालून, आईने हाक मारल्यावर पोराने द्यावी तशी, ताबडतोब ओ आली.

“ओ!”

साहेब हसले नाहीत. त्यांनी पेन काढलं, फॉर्मवरची ‘गरज’ खोडली, वर ‘हौस’ लिहिलं, आणि त्या पुण्याच्या मुलाला तूर्त जागा नसल्याचं पत्र टाका असं मला सांगितलं. बेन्वाला यातलं एकच अक्षर कळलं होतं. म्हातारा पाणी मागतोय असं समजून तो टेबलावरचा गार पाण्याचा ग्लास घेऊन धावत अंगणात गेला.

आबांनी ग्लास हातात घेतला. पण प्याले नाहीत. खिडकीकडे बघत राहिले.

“सूनबाई,” ते म्हणाले, “आजून एकदा बोल की.”